नेमका प्रश्न कसा विचारावा: कामावर, कचेरीत, घरी आणि स्वतःशी

"शंका असेल तर विचारा," असं सगळेच सांगतात, पण कसं विचारायचं ते कोणी सांगत नाही. मग विचारणारा विचारतो, समोरचा सुचेल ते उत्तर देतो, आणि दोघंही होते तिथेच राहतात. बुटीबोरीचा कारखाना असो, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीची खिडकी असो की काटोलकडची संत्र्याची बाग असो, चूक एकाच जागी होते. तोंड आधी उघडतं, तयारी नंतर सुरू होते.

खालचे टप्पे क्रमाने घ्या. पहिले पाच विचारण्याआधीचे आहेत आणि खरी मेहनत तिथेच आहे. घाई असेल तर बाकीच्यांत थोडं कमीजास्त चालेल, पण तिसरा आणि चौथा टप्पा गाळू नका.

आधी एक वही

खिशात मावेल अशी घ्या. फोनमध्ये लिहिलं तरी चालतं, पण बऱ्याच कारखान्यांत फोन गेटवरच जमा होतो, आणि साहेबांसमोर फोन काढला की आपण चॅटिंग करतोय असंच त्यांना वाटतं. डाव्या पानावर प्रश्न लिहा, उजवं पान उत्तरासाठी कोरं ठेवा. प्रत्येक प्रश्नापुढे तारीख आणि तो कुठे सुचला ते टाका.

टप्पा 1: अडखळलात की तिथेच लिहा

कुतूहल टिकत नाही. सकाळी विचित्र वाटलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सवयीची होते. नव्या नोकरीतले पहिले दोन-तीन आठवडे म्हणूनच मोलाचे. जुन्यांना जे दिसेनासं झालंय ते तुम्हाला दिसत असतं. "डिस्पॅचची यादी दोनदा का छापतात?", "सोमवारी पहिल्या पाळीतच रिजेक्शन जास्त का?", "गल्लीत सकाळी सहाला नळाला दाब असतो, सातला का नाही?" असं सुचेल तसं, सुचेल त्या भाषेत लिहा. या टप्प्यावर प्रश्न सुबक करत बसू नका आणि कोणाला विचारायलाही धावू नका.

इथली नेहमीची चूक म्हणजे प्रश्नाच्या जागी निकाल लिहिणं. "स्टोअरवाले कामचुकार आहेत" हा प्रश्न झाला नाही. "मागणी दिल्यापासून बेअरिंग हातात यायला दोन दिवस लागतात, ते दोन दिवस कुठे जातात?" हा झाला.

*तपासा:* लिहिलेल्या ओळीत कोणाला नावं ठेवली आहेत का? असतील तर खोडा आणि जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा.

टप्पा 2: नक्की काय हवंय ते ठरवा

प्रश्न साधारण चार कामांसाठी विचारतात: माहिती मिळवायला, कारण समजून घ्यायला, निर्णय करून घ्यायला आणि मदत मागायला. चारही कामांसाठी माणसं वेगवेगळी असतात. माहिती फाइलीत किंवा फाइल सांभाळणाऱ्याकडे असते. कारण हाताने काम करणाऱ्याला ठाऊक असतं. निर्णय सही करणाऱ्याकडेच होतो.

गडबड होते ती एकाला दुसऱ्याचे कपडे घातल्यावर. "सर, हे असंच करायचं असतं का?" या वाक्यात विचारणाऱ्याला बहुतेक वेळा म्हणायचं असतं, "सर, मी हे बदलू का?" सरांना ते कळत नाही. ते "हो, असंच" म्हणतात आणि विषय संपतो. निर्णय हवा असेल तर निर्णयच मागा.

एक सोपी कसोटी आहे. उत्तर मिळाल्यावर उद्या मी काय वेगळं करीन? काहीतरी सुचलं तर प्रश्न कामाचा. काहीच सुचलं नाही तर ते निव्वळ कुतूहल. त्यात वाईट काही नाही (माझ्या वहीतले सगळ्यात आवडते प्रश्न याच जातीचे आहेत), फक्त त्याची जागा मीटिंगमध्ये नाही, चहाच्या टपरीवर आहे.

पाचवा प्रकारही असतो: आपल्याला किती कळतं हे दाखवायला विचारलेला प्रश्न. तो प्रश्नचिन्ह लावलेलं भाषण असतं. सरळ काट मारा.

टप्पा 3: आधी स्वतः शोधा, पण घड्याळ लावून

कामाच्या साध्या अडचणीला अर्धा तास पुरे. त्याच्या आत विचारलं तर आळशी दिसता, आणि दिवसभर एकट्याने डोकं आपटत बसलात तर पगार फुकट गेला. अर्ध्या तासात उत्तर सापडलंच पाहिजे असं नाही. काय काय बघितलं याची यादी मात्र हातात यायला हवी.

घरचंच उदाहरण घ्या. मे महिन्यात अख्खं नागपूर विचारत असतं, "कूलर थंडी हवा काऊन नाही देऊन राह्यला?" मिस्त्रीला फोन लावण्याआधी चार गोष्टी स्वतः बघता येतात. पंपाचं पाणी वरपर्यंत चढतं का? ताट्या (कूलरच्या बाजूंना बसवलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या) सगळीकडून ओल्या होतात की मधेच कोरडे पट्टे राहतात? समोरची खिडकी किंवा दार उघडं आहे का? आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर खोली नुसती दमट होते. आणि बाहेर आभाळ भरून आलंय का? कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, हवेतच ओलावा असेल तर नवा कूलरही हात टेकतो. एवढं बघून झालं की फोनवरचा प्रश्न बदलतो: "डाव्या ताटीवर पाणीच सुटत नाही, पंप याच वर्षीचा आहे, नळीच्या भोकांत पांढरा क्षार धरलाय. नळी साफ होईल की बदलावी लागेल?" मिस्त्री येताना नळी घेऊनच येतो आणि एका फेरीत काम होतं.

*इशारा:* कूलरच्या टाकीत किंवा ताटीजवळ हात घालण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. वीज, गॅस, उंचावरचं काम, चालतं यंत्र, औषधाचा डोस, यात "आधी स्वतः करून बघा" लागू नाही. तिथे हात मागे घ्या आणि लगेच विचारा.

कामावर कुठे शोधायचं? यंत्राची नेमप्लेट, लॉगबुक, मागच्या महिन्याची तीच फाइल, आणि तुमच्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्याने ठेवलेली कागदं. सरकारी नियमाची शंका असेल तर ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, मूळ शासन निर्णय उघडा. त्यावर 18 अंकी संगणक संकेतांक असतो आणि राज्य शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकून खात्री करता येते. हल्ली चॅटजीपीटीला विचारून उत्तर तसंच पुढे पाठवणारे वाढलेत. विचारायला हरकत नाही, पण त्याने सांगितलेला नियम, कलम किंवा तारीख मूळ कागदावर दिसेपर्यंत वहीत उत्तराच्या पानावर लिहू नका. ते न अडखळता चुकीचंही सांगतं.

टप्पा 4: प्रश्न बांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बांधलेल्या प्रश्नात पाच गोष्टी असतात: काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आतापर्यंत काय करून बघितलं, आणि शेवटी एकच विचारणा.

बुटीबोरीतल्या एका ट्रेनीचा सुपरवायझरला गेलेला मेसेज समजा असा आहे:

"सर कॉम्प्रेसर परत बंद पडून राह्यला. काय करू?"

सर कुठेतरी मीटिंगमध्ये. त्यांना आता पाच उलट प्रश्न विचारावे लागणार: कोणता, कधी, डिस्प्लेवर काय, ऑइल बघितलं का, परत चालू केला का. अर्धा तास तिथेच जातो. हाच मेसेज बांधून:

"सर, 2 नंबरचा कॉम्प्रेसर आज 1:40 ला आणि 3:10 ला ट्रिप झाला. डिस्प्लेवर दोन्ही वेळा हाय टेम्परेचर. ऑइल लेव्हल बरोबर आहे. बाहेरची जाळी साफ केली, फरक नाही. लॉगबुकात काल आणि परवाही दुपारच्याच नोंदी आहेत, रात्रपाळीत एकही नाही. सेटिंगला हात लावलेला नाही. आधी खोलीचा एक्झॉस्ट तपासू की ऑइल कूलर साफ करायला काढू?"

या मेसेजचं उत्तर एका शब्दात देता येतं. त्याहून मोठी गोष्ट, "रात्रपाळीत एकही नाही" हे लिहिताना ट्रेनीच्याच लक्षात येतं की दुपारच्या उन्हाचा याच्याशी संबंध आहे. नीट बांधलेले कितीतरी प्रश्न पाठवायची वेळच येत नाही, लिहितानाच सुटतात. "सेटिंगला हात लावलेला नाही" हेही मुद्दाम लिहावं. वरिष्ठाला पहिली भीती तीच असते.

बागेतलंही असंच. "संत्रा गळून राह्यला, कोणतं औषध मारू?" असं अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन विचारलं तरी समोरच्याला अंदाजच बांधावा लागेल, कारण फळगळ एका कारणाने होत नाही. देठाजवळ काळं पडून गळालं तर बुरशीचा संशय येतो. पानं पिवळी पडून गळ होत असेल आणि बुडाशी पाणी साचत असेल तर मुळांकडे बघावं लागतं. फळाला टाचणीच्या टोकाएवढं भोक, भोवती गोल मऊ डाग आणि दाबलं की रस बाहेर, असं असेल तर तो रात्री येणारा रस शोषणारा पतंग. म्हणून जाण्याआधी सकाळी झाडाखालची वीसेक फळं उचला आणि खूण बघून त्यांचे ढीग लावा. प्रत्येक ढिगातली दोन-तीन फळं पिशवीत घ्या. वहीत लिहा: बहार (फळांचा हंगाम) आंबिया की मृग, बाग किती वर्षांची, गळ धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या ओळींत जास्त की मधल्या, शेवटचं पाणी कधी, शेवटची फवारणी कशाची आणि कधी.

धुऱ्याचं का विचारलं? या पतंगाच्या अळ्या संत्र्यावर वाढत नाहीत, गुळवेल-वासनवेलीसारख्या रानवेलींवर वाढतात. आंबियाची फळं पिकायला आली की पतंग रात्री बागेत शिरतो आणि उजाडायच्या आत निघून जातो. दिवसा केलेल्या फवारणीने तो सापडत नाही. वेली काढणं, गळालेली फळं रोज उचलून नष्ट करणं, संध्याकाळनंतर धूर करणं हे उपाय पुढे येतात. पहिल्या प्रश्नात "कोणतं औषध" हे आधीच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे या उपायांना वाटच उरली नव्हती.

*तपासा:* प्रश्नातच उत्तर दडलंय का? "कोणतं औषध", "कोणाची चूक", "कोणता क्लास लावू" हे शब्द दिसले की एक पायरी मागे या. औषध लागतं का? चूक झाली का? क्लास हवाय का?

टप्पा 5: माणूस, जागा आणि वेळ

कामाच्या सगळ्यात जवळ जो आहे त्याच्याकडे आधी जा. मशीनचा आवाज बदललाय हे मॅनेजरच्या आधी त्या मशीनवर वीस वर्षं उभ्या असलेल्या काकांना कळतं. "काका, हा आवाज नेहमीचाच आहे का?" एवढं पुरतं. शॉपफ्लोअरवर अर्धं बोलणं हिंदीत चालतं. समोरच्याला ज्या भाषेत मोकळं बोलता येतं त्या भाषेत विचारा, आपलं मराठी कुठे पळून जात नाही.

वेळेचं गणित बहुतेकांचं चुकतं. अकाउंट्समध्ये साधारण दर महिन्याच्या 7 तारखेपर्यंत टीडीएस (कापून घेतलेला आयकर) भरायचा असतो, 11 पर्यंत जीएसटीआर-1 आणि 20 पर्यंत जीएसटीआर-3बी ही जीएसटीची विवरणपत्रं. त्याच्या आदल्या दिवशी "मॅडम, हे इनपुट क्रेडिट म्हणजे नेमकं काय हो?" विचाराल तर उत्तर मिळेल, पण पुढच्या वेळी तुम्हाला बघून मॅडम फोन कानाला लावतील. पाळी बदलतानाची दहा मिनिटं टाळा. जेवणानंतरची पंधरा मिनिटं चांगली. लांबलचक प्रश्न असेल तर आधी वेळ मागा: "सर, दहा मिनिटं लागतील, आज केव्हा येऊ?"

ज्याच्या उत्तराने कोणाची चूक उघडी पडू शकते तो प्रश्न चारचौघांत विचारू नका.

टप्पा 6: विचारताना

एका वेळी एकच. तीन प्रश्न एकदम टाकले की माणूस त्यातला सोपा उचलतो आणि बाकीचे विरतात. विचारून झालं की गप्प बसा. समोरचा थांबला, छताकडे बघायला लागला, की आपण अस्वस्थ होतो आणि स्वतःच पर्याय सुचवायला लागतो: "म्हणजे बजेटमुळे ना?" तो सुटकेचा श्वास सोडून "हो हो, बजेट" म्हणतो. खरं कारण तिथेच राहिलं.

"का केलं?" हे आपल्याकडे जबाब घेतल्यासारखं वाटतं. यंत्राबद्दल "का" विचारा, माणसाबद्दल "कसं ठरलं?" विचारा. "हा सप्लायर का घेतला?" म्हटलं की समोरचा बचावाला उभा राहतो. "हा सप्लायर कसा ठरला होता?" म्हटलं की तो गोष्ट सांगायला लागतो, आणि गोष्टीत कारणं आपोआप येतात.

"एवढंही माहीत नाही का बे तुला?" हे ऐकावं लागेलच. चेहरा पाडू नका, वादही घालू नका. "एवढं बघितलं, इथपर्यंत कळलं, इथून पुढे अडलं," म्हणून वही पुढे करा. तिसरा टप्पा केलेला असेल तरच हे जमतं.

टप्पा 7: एका "का" वर थांबू नका, माणसावरही थांबू नका

कारण शोधताना पाच वेळा "का" विचारायची टोयोटाची पद्धत कारखान्यांत सगळ्यांना पाठ आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती चुकीची वापरली जाते. टोयोटाचे ताइची ओनो यांचं उदाहरण असं. यंत्र बंद पडलं, कारण भार वाढून फ्यूज उडाला. भार वाढला कारण बेअरिंगला वंगण कमी पडलं. वंगण कमी पडलं कारण वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. पंप ओढत नव्हता कारण त्याचा शाफ्ट झिजला होता. शाफ्ट झिजला कारण गाळणी नव्हती आणि धातूचा कीस आत जात होता. विचारणारा पहिल्या उत्तराला थांबला असता तर फ्यूज बदलून मोकळा झाला असता, आणि तो पुन्हा उडाला असता.

या साखळीत कुठेही माणूस नाही, हे बघा. आपल्याकडे दुसऱ्याच "का" ला उत्तर येतं, "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं," आणि फॉर्म भरून होतो. असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला आहे: लक्ष नसतानाही चूक होऊ नये म्हणून तिथे काय असायला हवं होतं?

पाच हा आकडा पवित्र नाही. कधी तीनमध्ये काम होतं, कधी सात लागतात, कधी एका "का" ला दोन उत्तरं येतात. दोन आली तर दोन्ही लिहा.

*तपासा:* साखळी उलटी वाचा, प्रत्येक दोन ओळींमध्ये "म्हणून" घालून. "गाळणी नव्हती म्हणून कीस आत गेला, म्हणून शाफ्ट झिजला..." कुठे अडखळलात तर तिथली कडी नुसती अंदाजाने घातलेली आहे. जाऊन डोळ्यांनी बघा.

टप्पा 8: कचेरीला लेखी प्रश्न

माहिती अधिकाराचा अर्ज म्हणजे प्रश्न बांधण्याची कडक परीक्षा. ज्यांचे अर्ज वांझोटे परत येतात त्यांची तक्रार असते की कचेरी उत्तर देत नाही. अर्ज काढून बघितला तर आत लिहिलेलं असतं, "आमच्या वस्तीतला रस्ता अजून का झाला नाही आणि याला जबाबदार कोण?"

2005 च्या कायद्याने मिळते ती कचेरीच्या अभिलेखात असलेली माहिती. मत, सल्ला किंवा खुलासा नव्याने तयार करून द्यायला जन माहिती अधिकारी बांधील नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून "का" चं रूपांतर कागदात करायचं. रस्ता का झाला नाही, हे कोणत्या कागदावर दिसेल? कार्यारंभ आदेशावर काम सुरू करायची आणि संपवायची तारीख असते. मोजमाप पुस्तिकेत प्रत्यक्ष किती काम झालं ते असतं. करारात दोष दायित्व कालावधी असतो, म्हणजे उखडलेला रस्ता कंत्राटदाराने किती दिवस स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा ते. मागा या तिन्हींच्या प्रती, रस्त्याचं नाव आणि कालावधी टाकून. "का" चं उत्तर तुम्ही स्वतः वाचून काढाल.

महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, फी 10 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. माहिती कशासाठी हवी ते सांगायची गरज नाही, आणि सांगूही नका, नाहीतर अर्जाचं गाऱ्हाणं होतं. चुकीच्या कचेरीत दिला तर त्यांनी तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबईला जावं लागत नाही.

*इशारा:* पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदती पोचेवरच्या तारखेने मोजल्या जातात. घरी आल्याबरोबर 30 व्या दिवसाची खूण कॅलेंडरवर करा, कारण अपिलाची मुदत हुकणं हीच इथली सगळ्यात महाग चूक आहे.

टप्पा 9: उत्तर मिळाल्यावर

तिथल्या तिथे आपल्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे आधी एक्झॉस्ट, मग ऑइल कूलर, आणि सेटिंगला हात नाही, बरोबर?" निम्मे गैरसमज याच वाक्याला उघडे पडतात. मग उजव्या पानावर लिहा, कोणी सांगितलं आणि कधी.

उत्तर म्हणजे शेवट नाही. लहान प्रमाणात करून बघा, सगळ्या बागेवर आधी नको, दोन ओळींवर. दोन जाणत्यांची उत्तरं वेगळी आली तर एकाला दुसऱ्याच्या नावाने टोकू नका. दोघांनी कोणती परिस्थिती गृहीत धरली ते विचारा. बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात, फक्त एक काळ्या मातीबद्दल बोलत असतो आणि दुसरा मुरमाड जमिनीबद्दल.

आणि सांगणाऱ्याला परत कळवा. "सर, एक्झॉस्टचा पंखा उलटा फिरत होता, कालपासून ट्रिप नाही." दोन ओळी. हे जवळजवळ कोणीच करत नाही, आणि पुढच्या वेळी तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलला जातो तो याच दोन ओळींमुळे.

मुलाखतीत

मिहानमधली कंपनी असो की हिंगण्यातली, शेवटी विचारतातच, "तुम्हाला काही विचारायचंय?" "नाही सर" म्हणू नका, आणि पगार-सुट्ट्यांनी सुरुवातही करू नका. दोन प्रश्न पुरतात: "या जागेवरच्या माणसाने पहिल्या तीन महिन्यांत काय केलं तर तुम्ही समाधानी असाल?" आणि "ही जागा रिकामी कशी झाली?" दुसऱ्याचं उत्तर देताना समोरचे दोघं एकमेकांकडे बघतात का, तेही बघा.

घरी

आजोबांना "तुमच्या काळी कसं होतं?" विचारलं तर "बरं होतं" यापलीकडे काही मिळणार नाही. प्रश्न जेवढा लहान तेवढं उत्तर मोठं. आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, म्हणजे जुन्या कापड गिरणीत होते? मग विचारा, "पहिल्या पाळीला घरून किती वाजता निघायचे? डब्यात काय असायचं? पहिला पगार कोणाच्या हातात दिला?" डब्यावरून गोष्ट कुठल्या कुठे जाते. टोकू नका, साल चुकलं तरी दुरुस्त करू नका.

मुलांच्या बाबतीत "शाळेत काय झालं?" ऐवजी "आज मधल्या सुट्टीत कोणाजवळ बसला होतास?"

स्वतःशी

इथे "मी असा का आहे?" हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात कमी कामाचा आहे. त्यातून उत्तर येत नाही, नुसता रवंथ होतो. चौथ्या टप्प्याप्रमाणे तोही बांधा. "माझं अभ्यासात लक्षच का लागत नाही?" याचं असं करा: मागच्या आठवड्यात लक्ष लागलं ते कधी, कुठे बसलो होतो, फोन कुठे होता, आधी काय खाल्लं होतं? तीन-चार दिवस नोंद ठेवली की नमुना दिसायला लागतो, आणि तो स्वभावाचा नसून जागेचा किंवा वेळेचा निघण्याची शक्यता बरीच असते.

आठवड्यातून एकदा अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सवर चक्कर मारताना दोनच प्रश्न पुरे. या आठवड्यात मी कोणती गोष्ट न समजता मान डोलावली? आणि कोणाला विचारायला हवं होतं? नाव सुचलं तर सोमवारी पाचवा टप्पा.

*इशारा:* झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, मन सारखं काळं होत असेल तर वही बंद करा आणि डॉक्टरांशी बोला. स्वतःला प्रश्न विचारत बसण्याने ते सुटत नाही.

महिन्याची झाडणी

महिनाअखेर वही उघडा. उत्तर मिळालेल्या प्रश्नांवर आडवी रेघ मारा. ज्यांचं उत्तर मिळालं पण करून बघितलं नाही, त्यांच्यापुढे तारीख टाका. राहिलेले नव्या महिन्याच्या पानावर हाताने उतरवा, फोटो काढून नको. उतरवायचा कंटाळा आला तर तो प्रश्न बहुधा गरजेचा नव्हता. सलग तीन महिने उतरवलेला एखादा प्रश्न असेल, तर अडचण उत्तराची नाही, विचारायच्या माणसाची आहे. त्याच्यापुढे नाव लिहा आणि त्याच आठवड्यात वेळ मागा.